थावरूभाऊंचं उलटं झाड

थावरू राठोड या गृहस्थांना नुसतं नाव सांगून भागत नाही. तुम्ही त्यांच्या समोर उभे असा, त्यांच्याच डब्यातली चटणी खात असा, तरी तुमचं नाव त्यांच्या दृष्टीनं अपुरंच असतं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची सरकीच्या तेलाची मिल आहे. मी तिथे डिस्पॅचला, थावरूभाऊ कॉम्प्युटरच्या खोलीत, आणि आमच्यामध्ये एक काचेची भिंत. मी फोन उचलून म्हणते, "भाऊ, ताकसांडे बोलते." काचेतून ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे बघते, आणि ते शांतपणे विचारतात, "कोणत्या ताकसांडे? कोणाखालच्या?"

"डिस्पॅचखालच्या. डिस्पॅच लोहाऱ्याखालचं. लोहारा मिलखालचं."

"हां, आता सापडल्या," म्हणतात, आणि मगच काचेतून हात हलवून ओळख दाखवतात.

याचं कारण असं की राजूरला, आमच्या कोळशाच्या डेपोवर, वजनकाट्यावर आणखी एक ताकसांडे आहेत. ते पुरुष आहेत आणि त्यांचा आवाज बैलगाडीच्या चाकासारखा आहे. "आवाजावरून नाई समजत का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आवाजावर कारभार चालत नाई, ताई. पत्ता पायजे. बुडापर्यंत."

ही सवय मिलच्या फाटकाबाहेर ठेवून यावी, तर तेही नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात पंगतीला त्यांच्या शेजारी नवऱ्या मुलाचे मामा बसले. मामा रिटायर्ड ठाणेदार. थावरूभाऊंनी जिलेबी पुढे करत विचारलं, "तुम्ही कोणाखालचे?"

ठाणेदार म्हणाले, "मी कोणाच्या बापाखालचा नाही."

"असं कसं?" थावरूभाऊ खरंच विचारात पडले. "आपल्या बापाखालचे त असानच ना."

मी मध्ये पडून दोघांच्या पानात मठ्ठा वाढला म्हणून ते तिथेच निभावलं.

आता त्यांचं ते झाड म्हणजे काय, ते मला जसं समजलं तसं सांगते. फारसं समजलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मिलमध्ये कॉम्प्युटर आहेत, प्रिंटर आहेत, माणसं आहेत, माणसांचे पासवर्ड आहेत, कोणी कुठली फाइल उघडायची आणि कोणी नाही याचे नियम आहेत. हे सगळं एका मशीनमध्ये ठेवलेलं असतं, पण गोणीत बटाटे भरावेत तसं नाही. झाडासारखं. बुडाशी मिल. तिला तीन फांद्या: राजूर, राळेगाव आणि लोहारा. राजूरहून बॉयलरला कोळसा येतो, राळेगावला सरकी खरेदीचं केंद्र आहे, आणि लोहारा म्हणजे आम्ही. प्रत्येक फांदीला विभागांच्या डहाळ्या, डहाळीला माणसं आणि यंत्रं. ज्याला त्याला आपला एक वरचा. एकच.

"दोन वरचे चालत नाई," थावरूभाऊ म्हणाले. "गोंधळ होते."

"माह्या घरी त दोन हायेत. सासूबाई अन् सासरे."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "थे घर हाय म्हणून चालते."

या झाडाचा मुख्य कायदा असा, की यंत्राला काही हवं असलं तर त्यानं आधी आपल्या पोटात पाहायचं. नाही सापडलं तर वरच्या घरी विचारायचं. तिथे नाही तर त्याच्या वरच्या घरी. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबायचं. मी विचारलं, "मंग सरळ सगळ्यात वरच्यालेच काहून नाई विचारत? वेळ वाचन." तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेजाऱ्याच्या ताटात हात घातला होता.

या कायद्याचे परिणाम आम्ही भोगलेले आहेत. राळेगाव केंद्राचे देवतळे यांनी एकदा आपल्या मुलीचा लग्नाचा बायोडाटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाइप केला आणि प्रिंटचं बटण दाबलं. त्यांच्या टेबलावरचा प्रिंटर बंद होता. मशीननं केंद्राला विचारलं, केंद्रावरचा दुसरा प्रिंटर दुरुस्तीला गेलेला. मग मशीननं वर मिलला विचारलं, आणि मिलच्या नावावर जो पहिला प्रिंटर सापडला तो आमचे मॅनेजर घाटोळ साहेब यांच्या केबिनमधला निघाला. देवतळ्यांना तिकडे कागद दिसेना म्हणून ते बटण दाबत राहिले. इकडे साहेबांच्या केबिनमध्ये गोरी, सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष मुलगी एकामागून एक येऊन पडत राहिली. शेवटी साहेब केबिनच्या दारात येऊन म्हणाले, "कोण पाठवतंय हे? माझ्या दोन्ही मुलांची लग्नं झालीत."

थावरूभाऊ स्वतःही याच कायद्यानं जगतात. तहान लागली की आधी स्वतःच्या बाटलीत बघतात, मग विभागाच्या माठात, मग व्हरांड्यातल्या फिल्टरकडे जातात. फिल्टरच्या शेजारी उभे असले तरी आधी आत येऊन बाटली हलवून बघतात. एकदा पोटात दुखायला लागलं, तर आधी स्वतः विचार केला, मग बायकोला विचारलं, मग तांड्यातल्या जाणत्याला, मग राळेगावच्या डॉक्टरला, आणि अशा रीतीनं अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना यवतमाळच्या सर्जनपर्यंत पोचले. सर्जन रागावले. थावरूभाऊ म्हणाले, "साहेब, खालून वरच यावं लागते ना."

आमचं एकदाच वाजलं, ते या झाडाच्या चित्रावरून. त्यांनी झाडाचा मोठा नकाशा काढून व्हरांड्यात लावला होता. सगळ्यात वर मिल, तिच्याखाली घाटोळ साहेब, आणि तिथून रेषा खाली उतरत उतरत पार तळाशी मी, शिपाई आणि बॉयलरवर कोळसा टाकणारा माणूस. मी तो नकाशा बघितला आणि माझं टाळकं फिरलं. सरळ काचेच्या खोलीत गेले.

"भाऊ, माहे आजोबा नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले, थे कायच्यासाठी? वर-खाली एकदाचं संपावं म्हणून. अन् तुम्ही मले पुन्हा खाली लटकावून राह्यले?"

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर "अहो ते कॉम्प्युटरचं असतं" म्हणाला असता. थावरूभाऊ हसले नाहीत. खुर्चीतून उठून उभे राहिले, नकाशासमोर गेले, रेषेवरून बोट फिरवत माझ्या नावापर्यंत उतरले आणि परत आले. दोन-चार दिवस माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मलाच वाटायला लागलं की मी जरा जास्तच बोलले.

मग एका सकाळी मी आले, तर व्हरांड्यात नवा नकाशा. मिल सगळ्यात खाली, जमिनीला टेकलेली. तिच्यावर घाटोळ साहेब. त्यांच्यावर फांद्या, फांद्यांवर डहाळ्या, आणि पार शेंड्यावर मी, शिपाई आणि बॉयलरवाला, तिघंही ऐटीत.

"झाडाचं बूड खालीच असते, ताई," थावरूभाऊ मागून म्हणाले. "कोण्या येड्यानं पहिल्यांदा उलटं काढलं काय मालूम. मीही इतके वर्ष तसंच काढत गेलतो."

 खरं सांगते, मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी फार बरं वाटलं.

घाटोळ साहेबांना मात्र बरं वाटलं नाही. "मी खाली का?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याईचं वजन तुमच्यावर हाय म्हणून, साहेब."

साहेबांना रागावताही येईना आणि खूशही होता येईना. पुढे याचा भलताच घोळ झाला. "हा कागद वर पाठवा" म्हटलं, की जुन्या सवयीची माणसं तो साहेबांकडे नेत आणि नव्या नकाशाची माणसं बॉयलरवाल्याकडे. बॉयलरवाल्यानं एका रजेच्या अर्जावर सही करून दिलीही. स्वतः थावरूभाऊसुद्धा बोलताना "वरचं घर" म्हणायचे आणि बोट खाली दाखवायचे. मी तेव्हापासून वर आणि खाली या दोन शब्दांचा नाद सोडून दिलेला आहे.

त्यांच्या हातून चूक एकदाच झाली, पण चांगली ऐसपैस झाली. यादीत राजूर, राळेगाव, लोहारा ही नावं अगदी लागून येतात. राजूरच्या डेपोत काही बदल करायचे होते. एक डहाळी उचलून दुसरीकडे ठेवायची होती. त्यांनी उचलली, पण डहाळीऐवजी लोहाऱ्याची सबंध फांदीच हातात आली, आणि ती त्यांनी राजूरच्या काट्याखाली ठेवून दिली. त्यानंतर घाटोळ साहेब लोहाऱ्याच्या फांदीवरची स्वतःची फाइल उघडायला गेले, तर मशीन म्हणालं, राजूर काट्याची परवानगी घ्या. साहेबांनी राजूरला फोन लावला. तिकडे ते दुसरे ताकसांडे. ते म्हणाले, "घाटोळ साहेब म्हणता, पण मले कसं समजन का तुम्हीच हाय? गाडी नंबर सांगा." काट्यावरचा माणूस, त्याला गाडी नंबराशिवाय दुसरी ओळख माहीत नाही. साहेबांनी शेवटी आपल्या स्कूटरचा नंबर सांगितला, ताकसांड्यांनी तो पावतीवर घेतला, मग परवानगी दिली. दुपारभर आमची सगळी मिल राजूरच्या काट्याच्या मर्जीवर चालली, आणि मला विचाराल तर काही वाईट चालली नाही.

पावसाळ्यात लाइन तुटली की आणखी एक गंमत. फांदीवरच्या मशीनला बुडाशी असलेलं मशीन सापडेनासं होतं. अशा वेळी पडद्यावर काहीतरी इंग्रजी वाक्य येत असे. थावरूभाऊंनी ते बदलून आपल्या बोलीत लिहून ठेवलं होतं: "वरचं घर शोधून राह्यलो. थांबा. नाईतर सी दाबून एकट्यानं पुढं जा." सी दाबलं की मशीन कोणाची वाट न बघता सुरू होतं आणि आपल्या पोटात जेवढं आहे तेवढ्यावर काम चालवतं. सोय चांगली आहे. पण थावरूभाऊ कोणाला सी दाबू देत नाहीत. "थांबा. सापडते," एवढंच म्हणतात. सगळं ऑफिस हातावर हात ठेवून बसतं, ट्रकवाले फाटकात हॉर्न वाजवतात, आणि हे मशीनजवळ उभे.

एकदा मी वैतागून दाबलं. मशीन सुरू झालं, माझं चलन निघालं, ट्रक गेला. थावरूभाऊ येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "काम झालं हे खरं, ताई. पण त्याले वाटलं असन का वरचं घर हायेच नाई."

"मशीनले?" मी विचारलं.

ते निघून गेले. आता अशा माणसाला काय म्हणावं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका मोठ्या कंपनीनं आमची मिल घेतली. त्यांचं स्वतःचं झाड नागपूरला होतं. आमचं झाड बुडापासून उपटून त्यांच्या एका फांदीवर लावायचं ठरलं. नागपूरची माणसं आली, थावरूभाऊंचं काम बघितलं आणि खूश झाली. एवढं नीटनेटकं झाड त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं म्हणे. तो उलटा नकाशा बघून त्यांनी मान वाकडी करून फोटोही काढला. जाताना घाटोळ साहेबांना सांगून गेली, की हा माणूस आम्हाला नागपूरला द्या. मोठी जागा, राहायला क्वार्टर, आणि सगळ्या मिलांचं झाड एकट्याच्या हातात. इथली जागा मात्र बंद होणार. हो म्हणाले तर नागपूर, नाही म्हणाले तर काहीच नाही. सोमवारी उत्तर द्यायचं.

आम्हाला वाटलं, थावरूभाऊ उडी मारतील. थावरूभाऊ म्हणाले, "जमत नाई."

"काहून?"

"जमत नाई."

झालं. ऑफिसात तर्कांना ऊत आला. कोणी म्हणालं, माणूस घाबरला. कोणी म्हणालं, दुसऱ्याच्या फांदीवर बसायला अभिमान आडवा येतो. कोणी म्हणालं, तांड्यात जमिनीचं काही लफडं असेल. थावरूभाऊ एवढे नेमाचे, की पाच वाजले की मिलला आग लागली तरी राळेगावची एसटी गाठायला निघणार. त्यांचं घर तिकडे तांड्यात. तेव्हा एकानं असंही म्हटलं, की ह्यांना एसटीचा पास सोडवत नाही. घाटोळ साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुमचं ऐकतो तो. तुमच्यासाठी झाड उलटं केलं त्यानं. जाऊन समजवा. त्याची नोकरी जाईल हो, आणि या वयात त्याला दुसरी कोण देणार?"

म्हणून मी रविवारी गेले. राळेगावपर्यंत एसटी, तिथून ऑटो. तांडा छोटासा, रस्त्याला लागूनच. थावरूभाऊ मला बघून चकित झाले, पण पहिल्यांदाच "कोणाखालच्या" असं न विचारता "या ताई" म्हणाले. त्यांच्या बायकोनं, शेवंतानं, चहा केला. अंगणात बाजेवर त्यांची आई बसली होती, ऐंशीच्या पुढची, हातात पांढरे चुडे, नजर कुठेतरी लांब. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लांब बघायला लागल्या.

मी वकिली सुरू केली. क्वार्टर सांगितलं, दवाखाने सांगितले, म्हटलं आईलाही घेऊन जा. थावरूभाऊ ऐकत होते. मध्येच म्हणाले, "याडीले नेऊन पाह्यलं, ताई. बहिणीच्या घरी, यवतमाळले. तिथं थो रस्ता नाई."

"कोणता रस्ता?" मी विचारलं. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई, एवढं मला माहीत होतं. रस्त्याचं काही कळेना.

उन्हं उतरायला लागली होती. म्हातारी बाजेवरून उठली. काठी न घेताच कुंपणाशी गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. मग मागे वळून कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "बा आयो कांई?" बा आला का, म्हणून.

"दोन मिनिटं हं, ताई," थावरूभाऊ मला म्हणाले. चहाचा कप खाली ठेवला, खुंटीवरचा पटका घेतला आणि मागच्या दारानं निघून गेले.

माझं वाक्य अर्धंच राहिलं. मला वाटलं, नागपूरचा विषय टाळायला पळाले. मी शेवंताकडे बघितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं.

"रोज ह्याच वक्ती उठतात त्या. त्याईचा बा कापसाची गाडी घेऊन यवतमाळले गेला हाय. थो आल्याबिगर जेवत नाई. थो त ह्याईचा जन्म व्हायच्या पहिलेच मेला, बाई. पण याडी आता लहान झाली. मले वयखत नाई, ह्याईले वयखत नाई. पहिले हे खरं सांगत. याडी, तुहा बा मेला. मंग त्या रडत. जेवत नसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारत, पुन्हा हे सांगत, पुन्हा रडणं. रोज नव्यानं मरे त्याईचा बा." तिनं भाकरी उलटवली. "मंग एक दिवस ह्याईनं सांगणं सोडलं."

मी रस्त्याकडे बघितलं. थावरूभाऊ शेताच्या बांधावरून वळसा घालून रस्त्यावर आले होते. डोक्याला पटका, पाय जरा ओढत, दमलेल्या गाडीवानासारखे. दाराशी येऊन मोठ्यानं खाकरले.

"छोरी," त्यांनी हाक मारली. मुली म्हणून.

म्हातारीचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. तिनं त्यांचा हात धरला, त्यांच्या बोटांना लटकल्यासारखी अंगणात आली. काहीतरी भराभर सांगत होती, तक्रार असावी. थावरूभाऊ "हां छोरी, हां" म्हणत ऐकत होते. खिशातून शेवेची पुडी काढून त्यांनी तिच्या हातात दिली. मग दोघं बाजेवर बसले. सकाळपासून रात्रीपर्यंत कोण कोणाखालचं हे विचारणारा तो माणूस, आपल्या आईच्या केसांवरून हात फिरवत होता, बाप फिरवतो तसा.

तेवढ्यात म्हातारीचं लक्ष माझ्याकडे गेलं. "ई कुण?" तिनं विचारलं. ही कोण.

थावरूभाऊंनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी या माणसाला वर्षानुवर्षं ओळखते. कुठलंही माणूस कुठे बसतं हे त्याला ठाऊक नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी उठून माझ्याजवळ आली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बारकाईनं बघत राहिली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणाली, "याडी."

 थावरूभाऊंचे डोळे भरून आले होते आणि चेहरा अपराध्यासारखा झाला होता. "ताई," ते हळूच म्हणाले, "तुमाले चालन का?"

मला त्यांची बोली येत नाही. माझी आई जाऊन खूप वर्षं झाली, मला मुलगी नाही, आणि माझ्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी मोठ्या बाईची आई कसं व्हायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी शेवंताकडून ताट घेतलं. थावरूभाऊंनी दोन शब्द सांगितले, तेच म्हटलं. "बाटी खा." भाकरी खा. म्हातारीनं तोंड उघडलं. मी घास भरवला.

ती पोटभर जेवली. शेवंता म्हणाली, एवढं तिनं किती दिवसांत खाल्लं नव्हतं. जेवताना ती एकदा माझ्याकडे, एकदा थावरूभाऊंकडे बघून काहीतरी बोलली आणि हसली. मी शेवंताला विचारलं.

"म्हणते, आज दोघंही घरी हाय."

थावरूभाऊ मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. पटका अजून डोक्यालाच होता. नागपूरबद्दल मी काही बोलले नाही. एसटीचे दिवे दिसायला लागले तेव्हा तेच म्हणाले, "मी तिकडं गेलो, ताई, त संध्याकाळी रस्त्यानं कोण येईन?"

सोमवारी सकाळी घाटोळ साहेबांनी मला आत बोलावलं.

"काय म्हणाला?"

"येत नाहीत, साहेब."

"कारण काय सांगतो?"

"त्यांच्याखाली एक माणूस आहे. तिला सोडून ते हलू शकत नाहीत."

"खाली म्हणजे? शेंड्याकडे की बुडाकडे?" साहेब आता कायमचे गोंधळलेले आहेत. "मुलगी आहे का?"

"आई आहे."

मग मी सगळं सांगितलं. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. म्हणाले, "राळेगाव केंद्रावर आवक लिहायला माणूस लागतो. पण तिथे झाड नाही, झाडाचं मशीन नाही, काही नाही. साधा कारकून. देवतळ्याच्या हाताखाली. एवढं काम केलेला माणूस, त्याला हे कसं सांगायचं?"

"तुम्ही सांगा तर, साहेब. पाचला सुटी होते ना तिथे?"

"होते."

"मग ते हो म्हणतील."

साहेबांनी नागपूरला फोन लावला, राठोड येणार नाही म्हणून सांगितलं, आणि तिकडून बरंच काही ऐकून घेतलं. सगळ्यांचं वजन खरंच आपल्यावर असल्यासारखे ते त्या दिवशी बसले होते. मी उठून दारापर्यंत गेले, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"ताकसांडे बाई, एक सांगा. आई खाली कशी येते?"

"मलाही अजून नीट समजलेलं नाही, साहेब," मी म्हटलं. "पण काल तिचं जेवण होईपर्यंत मी तिची आई होते."